कोयनेल चाखणारी मनकर्णाबाई

मनकर्णाबाईचा हात आधी सुटायचा आणि मग तिच्या ध्यानात यायचं की आपला हात सुटला. या दोहोंच्या मध्ये विचार नावाची जी एक चीज असते, ती देव तिला द्यायची विसरला होता. भंडारा मुलखातल्या प्रतापगडाच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली वसलेलं तिचं गाव. तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातली लेक आणि तशाच घराण्यातली सून. लहानपणापासून पाळीवर माती वाहिलेली, त्यामुळे मनगट असं की बैलाच्या शिंगाला धरलं तर बैल थांबायचा.

पंधरा-सोळा वर्षांची असताना पाळीच्या दुरुस्तीवर मुकादमाने तिच्या कमरेला हात घातला. दुसरी एखादी ओरडली असती, रडली असती. हिने फावड्याचा दांडा त्याच्या जबड्यावर घातला. जबडा वाकडा बसला आणि मुकादम पुढे जन्मभर पेज पिऊन राहिला. लग्न होऊन आली त्याच वर्षी धाकटा दीर बिसराम मोहाची चढवून स्वतःच्या बायकोला लाथा घालत होता. मनकर्णाबाईने त्याला केसांना धरून उखळापाशी नेलं. बिसरामचे वरचे दोन दात त्या अंगणातून परत कधी सापडले नाहीत. गावातल्या बाया तेव्हापासून तिला मानू लागल्या आणि बिसराम तेव्हापासून तिचा वैरी झाला.

नवरा उमराव मात्र गाय होता, गाय. आवाज कधी चढला नाही, नजर कधी वर झाली नाही. त्यालाही ती मारायचीच. बैल सुटला म्हणून, बांध फुटला म्हणून, विचारलेल्याला लवकर उत्तर दिलं नाही म्हणून. उमराव मार खाऊन घ्यायचा आणि बाहेर पाळीवर जाऊन बसायचा. गावाला त्याची मोठी मौज वाटे. मौज वाटायला काय जातं, पाठ उमरावची होती.

या बाईच्या हाताइतकीच तिची जीभ गावात मानली जायची, आणि ती वेगळ्या कारणासाठी.

धान पोटरीवर आलं की त्या मुलखात हिवताप उतरायचा. घरोघर माणसं गोधडीखाली थडथडायची. त्यावर औषध एकच, कोयनेल, म्हणजे क्विनीन. मनकर्णाबाई लहान असताना तिच्या माहेरच्या गावी पोस्टमास्तर कोयनेलच्या पुड्या विकायचा आणि तिने दोन पावसाळे त्या पुड्या गिळल्या होत्या. तो कडूपणा तिच्या जिभेच्या मुळाशी जाऊन बसला होता. पुढे लढाईच्या वर्षांत पोस्टातलं कोयनेल आटलं आणि बाजारात कोणीही उठून काहीही विकू लागलं. औषधांचा कायदा झाला होता, म्हणे. झाला असेल नागपुरात. शेजारच्या अर्जुनीच्या बाजारात वांगी विकायला जितकी परवानगी लागायची, तितकीच औषध विकायला लागायची. मग गावाने आपला कायदा केला. औषधवाल्याच्या पालासमोर माणसं उभी राहायची, मनकर्णाबाई पुढे व्हायची, चिमूटभर पूड जिभेवर घ्यायची, वर गुळाचा खडा खायची आणि गुळानेही कडूपणा गेला नाही तर म्हणायची, ‘खरं हाये, घ्या.’ गोड लागलं, फिकं लागलं, तर पूड विकणाऱ्याच्या तोंडावर थुंकायची. तिने घ्या म्हटल्याशिवाय गावातला एक माणूस पदराची गाठ सोडत नसे. तिला या गोष्टीचा भारी अभिमान होता.

स्वराज्य येऊन तीन पावसाळे झाले होते त्या वर्षी बाजारात दुलीचंद आला. गोंदियाहून छोट्या रेल्वेने उतरायचा. अंगात काळा कोट, दोन पत्र्याच्या पेट्या, आणि पुड्यांवर छापील कागद, त्यावर लाल मोहोर. बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. मनकर्णाबाईबद्दल त्याने आधीच कुठून तरी ऐकलं होतं. त्याने तिच्यासाठी लाकडाचा पाट पुसून बसायला दिला आणि तळहातावर पूड घेऊन म्हणाला, ‘‘चख लो बाई, चख लो. आपने हाँ कहा तो बेचूँगा, नहीं तो पेटी उठाके चला जाऊँगा.’’

तिने चाखली. जीभ आवळली, डोळ्यांत पाणी आलं, मानेवर काटा उभा राहिला. गूळ खाल्ला. कडू काही जाईना.

‘‘खरं हाये,’’ ती म्हणाली. ‘‘जोरदार हाये. घ्या रे सारे.’’

सगळ्या गावाने घेतलं. तिने स्वतः जास्तीच घेतलं, कारण तिची एकुलती एक लेक चंद्रकांता हिचं लग्न ठरलं होतं. कापणी झाली की उरकायचं होतं. घराच्या भिंती आधीच छुईच्या मातीने पोतारून पांढऱ्याशुभ्र केल्या होत्या.

कुवार महिन्यात, म्हणजे आश्विनात, चंद्रकांताला ताप भरला. मनकर्णाबाई घाबरली नाही. औषध घरात होतं, स्वतः पारखून आणलेलं होतं. तिने पुड्या द्यायला सुरुवात केली. ताप उतरला नाही तेव्हा तिने दोन-दोन दिल्या. पोरीला कडू गिळवेना, तर ती नाक दाबायची, जबडा धरायची आणि वाटी ओतायची. चौथ्या दिवशी चंद्रकांताने सगळं औषध आईच्या अंगावर थुंकलं.

मनकर्णाबाईने तिच्या थोबाडीत मारली. फाडकन. तापाने फणफणलेल्या गालावर बोटं उठली.

त्या रात्री ताप डोक्यात गेला. पोर ओळख विसरली, किंचाळू लागली, भिंतीवर डोकं आपटू लागली. उमराव आणि मनकर्णाबाईने तिला बैलाच्या दाव्याने खाटेला बांधलं. बांधलेली पोर अशी उसळायची की खाट जमिनीवरून सरकायची, आणि दाव्याने मनगटाची कातडी सोलून निघाली. दात कडाकडा मिटत होते, जीभ मध्ये सापडत होती. मनकर्णाबाईने आपला अंगठा त्या दातांत घातला. पोरीने तो हाडापर्यंत फोडला. मनकर्णाबाईने अंगठा काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दात आपोआप सुटले आणि तेव्हा तिला कळलं की लेक गेली.

मी म्हणतो, एखाद्या बाईचा एवढा छळ देवाने करावा का? पण देवाचं नाव उगाच घेण्यात अर्थ नाही. हे काम माणसाचं होतं.

चिता विझल्यावर ती घरी आली आणि औषधाची वाटी घासायला बसली. वाटीच्या बुडाशी पांढरा साका बसला होता. बोटाने खरवडला तर बोटांना चिकट लागला. तिने तो नाकाशी नेला. भिजलेल्या छुईचा वास. ज्या छुईने तिने लग्नासाठी भिंती पोतारल्या होत्या, तीच पांढरी माती. साऱ्या आयुष्यात तिने ती माती भिजवली होती, तो वास ती झोपेतही ओळखली असती. पण औषध पारखताना तिने ते कोरडं जिभेवर घेतलं होतं, नाकाला विचारलंच नव्हतं. कडू लागलं म्हणजे खरं, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि हे दुलीचंदलाही ठाऊक होतं.

गावात त्या पंधरवड्यात आणखीही माणसं गेली. सगळ्यांच्या घरी दुलीचंदच्या पुड्या होत्या.

पुढच्या बाजाराला मनकर्णाबाई गेली. मागोमाग गाव गेलं. दुलीचंद पाल ठोकून बसलेलाच होता, दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्याला पूड चाखवत होता. मनकर्णाबाई थेट त्याच्यापाशी गेली. तिने पालाचा बांबू उपटला. पाल दुलीचंदच्या अंगावर कोसळलं आणि त्या कापडावरूनच तिने हाणायला सुरुवात केली. पहिल्या तडाख्यात त्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला, तो आवाज शेजारच्या भाजीवाल्यांनी ऐकला. तो कापडातून बाहेर सरपटला तेव्हा एक कान लोंबत होता. तिने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला, पेटीतल्या पुड्या फोडून मूठभर पूड त्याच्या तोंडात कोंबली आणि जबडा दाबून धरला.

‘‘चाख!’’ ती ओरडली. ‘‘चाख ना गा! काऊन थुंकतेस? मह्या पोरीनं गिळलं, तू काऊन थुंकतेस?’’

मग गाव तुटून पडलं. बिसराम सगळ्यांत पुढे होता. पडलेल्या माणसाला लाथा घालायला त्याला नेहमीच हुरूप यायचा. कोणी पेट्या उलट्या केल्या, कोणी पालाला काडी लावली, पुड्या आगीत गेल्या. दुलीचंद मेलाच असता. पण उमराव गर्दीत शिरला, त्याने त्या रक्ताच्या गोळ्याला खांद्यावर घातलं आणि स्टेशनाकडे पळाला. 

त्याचंच त्याला फळ मिळालं. पोलीस आले, त्यांनी ज्याच्या सदऱ्यावर सगळ्यांत जास्त रक्त त्याला पहिला धरला. उमरावला. मग बिसरामला आणि आणखी काही जणांना. मनकर्णाबाईला कोणी हात लावला नाही. कारण चोराच्या उलट्या बोंबा मारत दुलीचंदने जबानी दिली होती की दहा-बारा गड्यांनी मला मारलं. एका बाईने हात मोडला हे सांगायची त्याला लाज वाटली. छुई विकायची लाज वाटली नाही, याची वाटली.

उमराव आणि बाकीचे जामिनावर सुटून आले त्याच सुमारास नागपूरहून औषधांचे निरीक्षक आले. गोवर्धन नावाचे, किडकिडीत, सायकल हातात धरून चालणारे. अशा नोकरीत माणूस एकतर खातो तरी किंवा झिजतो तरी. हे झिजणाऱ्यांतले होते. त्यांनी चावडीपुढे गाव जमवलं.

‘‘एखादी पुडी शिल्लक आहे का?’’ त्यांनी विचारलं.

नव्हती. काही पोटात गेल्या, काही रागाने नाल्यात फेकल्या, उरलेल्या बाजारात जाळल्या.

‘‘म्हणजे सगळा पुरावा तुम्हीच जाळलात,’’ गोवर्धन कपाळावर हात मारून म्हणाले. ‘‘अहो, त्याला मारून काय मिळालं? एक बंद पुडी प्रयोगशाळेत गेली असती तर मला त्याच्या कोठारावर धाड घालता आली असती. आता तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. हात बरा झाला की तो दुसऱ्या बाजारात बसेल.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘एक सांगा. खरं कोयनेल दोन दिवस पोटात गेलं की कान वाजतात. भुंगा शिरल्यासारखे गुणगुणतात. या वर्षी कोणाचे वाजले होते?’’

एकही हात वर झाला नाही. मनकर्णाबाईला आठवलं की लहानपणी तिचे कान वाजायचे. पण तिने ते तापाचंच लक्षण मानलं होतं. सगळे एकमेकांकडे पाहत होते. उमराव खाली पाहत होता, पण तो नेहमी खालीच पाहायचा.

गोवर्धन निघून गेले आणि चार दिवसांनी मनकर्णाबाईने चंद्रकांताची रुखवताची पेटी उघडली. पेटीत काय काय ठेवलं होतं ते तिला पाहवत नव्हतं, पण लुगडी शेजारच्या गरीब पोरीला द्यायची होती. हिरव्या लुगड्याच्या घडीत एक पुडी होती. छापील कागद, लाल मोहोर, धागाही न सुटलेला. सासरी गेल्यावर पोरीला ताप आला तर परक्या घरात औषध कोणाला मागेल, म्हणून आईने स्वतःच ठेवली होती. त्या भागातल्या आया लेकीच्या पेटीत असं काहीबाही ठेवतातच.

ती पुडी हातात घेऊन मनकर्णाबाई पहिल्यांदा हमसून हमसून रडली. मग तिने पोस्टातून गोवर्धनना निरोप धाडला. पोस्टात सांगितलं म्हणजे गावात सांगितलं. निरोप नागपूरला पोचायच्या आधी बिसरामला पोचला, आणि बिसराममार्फत दुलीचंदला.

दुसऱ्या दिवशी बिसराम दारात उभा. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

‘‘वहिनी, थे पुडी दे,’’ तो म्हणाला. ‘‘दुलीचंद फिर्याद मागं घ्याले तयार हाये. पुडी देली तर आमी सारे सुटतो. नाई देली तर दादा बी जेलात जाते. आपल्या नवऱ्याले जेलात पाठवतेस काय व?’’

‘‘तो पुडी कायले मांगून राहिला? औषध खरं हाये तर भेव कायचं?’’

‘‘मेलेली पोरगी वापस येत नाई वहिनी.’’

‘‘अना जे मराचे हायेत त्याईचं काय? तो मोरच्या वर्षी गावोगाव छुई चारीन. तुह्या पोराले चारीन!’’

बिसरामने दांडा घातला. तिच्या खांद्याचं हाड कटकन वाजलं. तो जुना हिशोब होता, दात जाऊन अठरा वर्षं झाली तरी बिसराम तो विसरला नव्हता. ती खाली बसली पण पुडीची मूठ तिने छातीशी धरली. तो तिच्या अंगावर बसला आणि मूठ उघडू लागला. उघडेना, तेव्हा एकेक बोट मागे वाकवू लागला. करंगळी मोडली. मग शेजारचं बोट मोडलं. मनकर्णाबाईने डोकं मागे घेतलं आणि कपाळ त्याच्या नाकावर असं हाणलं की तो अंगणात उताणा जाऊन पडला. मग तिने डाव्या हाताने दांडा उचलला आणि बिसराम चारी पायांवर पळाला.

हे सगळं होत असताना उमराव दारात उभा होता. तो आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही.

मनकर्णाबाई तशीच अर्जुनीला चालत गेली, खांदा पडलेला आणि मूठ मिटलेली. गाडीने गोवर्धन येईपर्यंत ती स्टेशनाच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसून राहिली. ते आले तेव्हा सुजलेली बोटं उघडेनात. गोवर्धननी स्वतः एकेक बोट सोडवलं आणि सोडवताना त्यांच्याच डोळ्यांना धार लागली. पुडी चुरगळली होती, घामाने ओली झाली होती, पण धागा आणि मोहोर जागेवर होती. त्यांनी स्टेशनमास्तर आणि एका हमालासमोर ती लाखेने बंद करून घेतली.

प्रयोगशाळेने कळवलं की पुडीत पांढरी माती आहे, चिरायत्याच्या कडू पाल्याची भुकटी आहे आणि कोयनेल नावालाही नाही. त्यावर गोवर्धननी गोंदियाला कुडवा गावाच्या वाटेवरच्या दुलीचंदच्या खोलीवर धाड घातली. तिथे पोत्यांनी छुई आणि चिरायता निघाला, आणि त्या मालाचे नमुने रीतसर घेतले गेले. आता हवे होते साक्षीदार, ज्यांनी हा माल दुलीचंदच्या हातून घेतला होता. पण मारामारीचा खटला डोक्यावर टांगलेला, तेव्हा गावात कोण तोंड उघडणार? साक्ष दिली तर दुलीचंद फिर्याद रेटणार, रेटली तर घरचे कर्ते गडी आत. सगळ्यांच्या पाचावर धारण बसली होती. गोवर्धन दारोदार फिरले आणि हात हलवत परत गेले. मनकर्णाबाईच्या लक्षात आलं की ही गाठ सुटली नाही तर दुलीचंद सुटणार.

मारामारीचा खटला भंडाऱ्याला उभा राहिला. आरोपीच्या जागी उमराव, बिसराम आणि बाकीचे. समोर दुलीचंद, हात गळ्यात बांधलेला, कोट नवा. तो सांगू लागला की दहा-बारा मर्द धावून आले, काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या.

मनकर्णाबाई मागे बायांत बसली होती. ती उठली.

‘‘साहेब, खोटं बोलून राहिला हा. याले कोनी गड्यानं हात नाई लावला. मीनं मारलो. एकटीनं.’’

कोर्टात हशा पिकला. शिपाई तिला बसवू लागला. मॅजिस्ट्रेटने हात वर करून त्याला थांबवलं.

‘‘बाई, तुमचा नवरा आरोपी आहे म्हणून तुम्ही हे सांगता?’’

‘‘मह्या नवऱ्यानं त तेले खांद्यावर घेऊन गाडीत टाकलं, म्हनून तेच्या अंगावर रगत. थे बिसराम उभा हाये ना, त्यानं बी नाई मारलं. कोनीच नाई मारलं.’’

बिसरामने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बांबूच्या कामटीला बांधलेली होती.

दुलीचंद लालबुंद झाला. ‘‘हुजूर, औरत की क्या मजाल! औरत जात का हाथ और मेरी हड्डी टूटे? बारह आदमी थे हुजूर!’’

त्याचा वकीलही हसून म्हणाला की ही गोष्ट कोणा शहाण्याला पटण्यासारखी नाही.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? मनकर्णाबाई बाकांमधून चालत पुढे आली. शिपाई मध्ये आला, त्याला तिने खांद्याने बाजूला केलं. दुलीचंदला ती येताना दिसली आणि त्याचं तोंड उघडं पडलं, कारण तो चेहरा त्याने बाजारात छातीवर गुडघा असताना पाहिला होता. तिने उजवा हात पोटाशी धरला आणि डाव्या हाताची एक थोबाडीत दिली. एकच. दुलीचंद कठड्यावरून पलीकडे गेला, वकिलाच्या टेबलावर आदळला आणि शाईची दौत घेऊन जमिनीवर पालथा झाला. तोंडातून रक्त आणि दात दोन्ही बाहेर आले.

‘‘आता पटलं काय साहेब?’’ तिने विचारलं. ‘‘का अजून एक देऊ?’’

मॅजिस्ट्रेटनी आधी दुलीचंदला उचलायला लावलं. मग त्यांनी उमरावसकट साऱ्या आरोपींना सोडलं. मनकर्णाबाईवर खटला चालला, बाजारातल्या मारहाणीचा आणि कोर्टातल्याही. तिला दीड वर्षाची शिक्षा झाली.

डोक्यावरची तलवार उतरली तसं गाव बोलू लागलं. औषधाच्या खटल्यात पहिली साक्ष बिसरामने दिली, नाक वाकडं, वरचे दात नाहीत, तरी दिली. मग बाकीच्यांनी दिली. मनकर्णाबाईला जेलातून आणलं होतं. वकिलाने तिला डिवचलं, ‘‘हा माल चाखून पसंत कोणी केला?’’ ती म्हणाली, ‘‘मीनं चाखलं. मीनंच घ्या म्हटलं. मह्या पोरीले मीनंच पाजलं. लिहा.’’ दुलीचंदला सहा महिने झाले. ज्याच्या मालाने चिता पेटल्या त्याला सहा महिने आणि जिने त्याला मारलं तिला दीड वर्ष. कायद्याचं गणित मला कळत नाही आणि आता शिकायची इच्छाही नाही. पण दुलीचंदची पेटी पुन्हा त्या मुलखात उघडली नाही, हेही खरं.

उमराव नागपूरच्या जेलात तिला भेटायला आला तो पुढच्या हंगामाचं धान घरात आल्यावर. गजांच्या अलीकडे तो आणि पलीकडे ती. त्याने लाह्यांची पुरचुंडी आणली होती. पीक कसं आलं, म्हैस व्याली, बिसराम बांधावर येऊन राबून जातो, एवढं त्याने सांगितलं. मग पुरचुंडी गजांतून आत सरकवली.

‘‘एक गोष्ट सांगाची होती,’’ तो म्हणाला.

‘‘सांग ना.’’

‘‘मी लग्नाच्या आंधी जंगलखात्याच्या कुपात लाकडं तोडत होतो. तती रेंजर रांगेनं उभं करून कोयनेल देत होता. तवा कान वाजत होते. मले ठाऊक होतं.’’

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिली.

‘‘त्या वर्षी मले बी ताप होता, चंद्रीच्या आंधी. दुलीचंदच्या पुड्या मीनं चार दिवस घेतलो. कान नाई वाजले. तवाच समजलं मले का हे औषध नोहे.’’ उमरावने दोन्ही हातांनी गज धरले. ‘‘तू बाजारात साऱ्याइच्या मोरं खरं म्हटलं होतंस. खोटं हाये म्हटलो असतो त तू मले मारलं असतं. मी बोललो नाई.’’

मध्ये गज होते म्हणून तो बोलू शकला. घरी तो कधीच बोलला नसता, आणि हे त्या दोघांनाही एकाच वेळी समजलं.

ती काही बोलेल, किंचाळेल, म्हणून पहारेकरीण जवळ येऊन उभी राहिली. मनकर्णाबाईचा डावा हात गजातून बाहेर आला. उमरावने डोळे मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढली, गेली एकोणीस वर्षं ओढत होता तशीच. हात त्याच्या गालापर्यंत गेला नाही. तो मध्येच थांबला, कारण तिने पहिल्यांदा ती ओढलेली मान नीट पाहिली.

‘‘डोळे उघड,’’ ती म्हणाली. ‘‘नाई मारत.’’

त्याने लगेच उघडले नाहीत. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी तो तसाच उभा होता.